वरून एक हात

आपल्याकडे रंग देतात, काढत नाहीत. भिंतीला चुना, चुन्यावर डिस्टेंपर, डिस्टेंपरवर ऑइलपेंट, ऑइलपेंटवर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, निकाल लागला की त्या नावावर परत चुना. किनवटच्या बसस्टँडपासून गोकुंद्यापर्यंत पायी निघा आणि मूळ रंगात उभी असलेली एक भिंत दाखवा, चहा माझ्याकडून. "वरून एक हात मारून टाका" हे आमच्याकडे नुसतं वाक्य नाही, उपचारपद्धती आहे. पत्रा गंजला, वरून एक हात. दार फुगलं, वरून एक हात. भावाभावांत बोलणं बंद झालं, तर पोरीच्या लग्नाच्या निमित्तानं वाड्याला वरून एक हात, आणि दोघंही भाऊ फोटोत शेजारी शेजारी.

तालुक्याचं तरी वेगळं काय झालं? १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, मग हैदराबाद राज्य. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून उचललं, नांदेडला जोडलं आणि मुंबई राज्यात घातलं. १९६० ला महाराष्ट्र झाला. इतके हात बसले, पण खालचं कोणी खरवडलं नाही. म्हणून आमच्या बाजारात भाव मराठीत सांगतात, घासाघीस दखनीत करतात आणि अगदीच जमलं नाही तर तेलुगूत रागावतात.

अशा गावात आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी जाहीर केलं, की जीपचा जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा आणि मगच नवा द्यायचा. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त विज्ञान शिक्षक आणि मोकळा वेळ हे मिश्रण किती ज्वालाग्राही असतं, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं. पण या वेळी त्यात जीपही पडली.

ही जीप म्हणजे काळीपिवळी. माहूरच्या वाटेवर पौर्णिमेला, इस्लापूरच्या वाटेवर बाजारच्या दिवशी, परमिटातल्या आकड्याच्या दुप्पट माणसं आत, चार टपावर आणि एक क्लीनर मागच्या पायरीवर अशी ती आयुष्यभर धावली. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला लोटलेल्या गर्दीलाही तिनंच वाहिलं. मग मालकानं परमिट सोडलं आणि गुरुजींनी जीप घेतली. तिला खाजगी गाडी करायची, म्हणजे काळा-पिवळा रंग घालवून पांढरा करायचा, हे कायद्यालाही धरून होतं. तेवढ्यापुरतं कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते "काढायचा" या शब्दाला.

"कामून सोलालाव गुरुजी तिला?" गल्लीतून पहिला प्रश्न आला. "पांढरा मारा की वरून!"

खरं तर गुरुजींनी आधी तेच करून बघितलं होतं. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर उस्तादनं पांढऱ्याचा एक फवारा मारला. उस्ताद म्हणजे आमच्याकडचा पेंटर. नांदेडला देगलूर नाक्यावर काम शिकलेला, बोलायला मोजका, बघायला बारीक. फवारा बसला, क्षणभर चकाकला आणि बघता बघता दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला. खालचा पिवळाही त्याच्याबरोबर उठला.

उस्तादनं बोटानं ती सुरकुती उचलली, हुंगली आणि निदान केलं. "ये गाडी का रंग नहीं गुरुजी. ये खिडकी का रंग है."

म्हणजे पूर्वी कोणीतरी ब्रशनं, खिडकीच्या गजांना लावतात त्या डब्यातला एनॅमल जीपला फासला होता. हा रंग वरून वाळतो. आत कैक महिने नरम राहतो, आणि गाडीच्या रंगातला कडक थिनर अंगावर पडला की खडबडून जागा होतो. त्याच्यावर काहीही मारा, तो उठणारच. गुरुजींना एवढंच पाहिजे होतं. गल्लीच्या उपचारपद्धतीविरुद्ध त्यांच्या हातात रासायनिक पुरावा आला.

दुसरा पुरावा चुंबकानं दिला. मोडक्या स्पीकरमधला चुंबक उस्तादच्या पेटीत असतोच. पत्रा असेल तिथे तो चिकटतो. लांबी भरलेली असेल तिथे चिकटत नाही. डेंट ठोकून काढायचा कंटाळा आला की खड्ड्यात लांबी भरायची, घासून सपाट करायची आणि वर रंग मारायचा, ही या धंद्यातली सर्वमान्य वाट आहे. उस्तादनं चुंबक बॉनेटला लावला, तो चिकटला. दाराला लावला, विचार करून चिकटला. डाव्या मडगार्डला लावला तर खाली पडला. वर सरकवला, पडला. बाजूला सरकवला, पडला. मग उस्तादनं बोटाच्या पेरानं सगळीकडे टकटक केलं. कुठे टण, कुठे ठप. ठपच जास्त.

"गाडीवर लांबी नाही गुरुजी," तो म्हणाला, "लांबीवर गाडी हाय."

कारखान्यातून निघताना गाडीच्या अंगावर सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर रंग असतो. हा आकडा गुरुजींनी गल्लीत सर्वांना सांगितला, त्यात भाजीवालीही आली. या जीपच्या मडगार्डवरचा थर मोजायला त्यांनी कंपासपेटीतली पट्टी आणली आणि ती पुरली.

आता काढायचं कसं? यावर किनवटमध्ये मतांचा तुटवडा नव्हता. गॅरेजवाल्या मामांचं मत पडलं, ब्लो लॅम्प मारा. ज्योत लावली की रंग फुगतो आणि पट्टीनं निघतो, हे खरंच आहे. पण पातळ पत्रा एकाच जागी तापला की त्याला झोल येतो आणि तो झोल काढायला परत लांबीच लागते. मामांनी ग्राइंडरही सुचवला. तोही चालतो, फक्त हात जरा रेंगाळला की रंगाबरोबर पत्राही जातो. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. हे ऐकून मामा म्हणाले, "आमी काय मेलाव का मग?" याला गुरुजींकडे उत्तर होतं, पण ते गप्प बसले. मामांचा खोकला सगळ्या गल्लीला ऐकू येत होता.

पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, सँडब्लास्टिंग करा काका. म्हणजे दाबाच्या हवेनं वाळू मारायची. पैनगंगा एवढी जवळ, तेव्हा वाळूचं काय, असं त्याला वाटलं असावं. पोरगं गाव सोडून फार दिवस झाले, हे त्यावरून कळलं. सध्या आमच्याकडे वाळूचा लिलाव, वाळूचा ट्रॅक्टर, वाळूची रात्र आणि वाळूची केस यांतून जी काही वाळू कायदेशीरपणे हाती लागते, तिच्या भावात दुसरी जीप येईल. आणि वाळूच्या माऱ्यानं सपाट पत्रा वाकतो, उडालेल्या बारीक धुळीनं माणसाची फुप्फुसं कायमची बिघडतात, ते वेगळंच.

इथं गुरुजींनी आपला हुकमाचा पत्ता काढला. अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा शंभरीला आला, तेव्हा १९८० च्या दशकात त्याची डागडुजी झाली. तांब्याच्या आतल्या बाजूला रंगाचे थर बसलेले, त्यांच्याखाली डांबर. रंग त्यांनी द्रवरूप नायट्रोजननं गोठवून पाडला आणि डांबर काढायला मारला खायचा सोडा. वाळूनं तांबं झिजलं असतं. सोडा मऊ, तो फक्त मळ घेऊन जातो. आजही नाजूक पत्र्यावर सोडा मारतात, कुठे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारतात, कुठे मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांचा.

गुरुजींच्या मंडळी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "माझ्या डब्यातल्या सोड्याला हात लावायचा नाही," एवढं म्हणून त्या आत गेल्या. सोड्याचा प्रस्ताव तिथंच संपला. बुरकुंडं आमच्याकडे ढिगानं मिळतात, पण ती मारायला जो कंप्रेसर लागतो तो उस्तादच्या कंप्रेसरचा आजोबा लागला असता.

शेवटी पेंट रिमूव्हर ठरला. आदिलाबादहून डबे आणले. आमच्याकडे कोणतीही वस्तू नांदेडपेक्षा आदिलाबादला चांगली मिळते आणि आदिलाबादवाल्यांना ती नांदेडला चांगली मिळते असं वाटतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा. डबे ओट्यावर ठेवले आणि उस्तादच्या हाताखालच्या पोरानं एकाचं झाकण पिळलं. फस्स करून असा आवाज झाला, की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

गुरुजींचा चेहरा मात्र उजळला. अशा रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू चाळीस अंशांच्या किंचित खाली. किनवटचा मे त्रेचाळीसच्या आसपास. म्हणजे हे औषध आमच्याकडे डब्यात बसल्याबसल्याच उकळायला लागतं. ज्या देशात ते शोधलं गेलं तिथं ते द्रव असेल. किनवटमध्ये ते एक भावना आहे. उस्ताद एका दारावर लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं उडून गेलेलं असायचं. म्हणून पहाटे पाचला काम सुरू झालं. लावायचं तेही एकाच दिशेनं, मागेपुढे ब्रश फिरवायचा नाही. कारण औषधात मेण असतं, त्याची वर साय धरते आणि ती मोडली की औषध हवेत. वरून प्लॅस्टिकचा कागद झाकायचा. हा कागद गुरुजींनी सोयाबीनवर टाकायच्या ताडपत्रीतून कापला, त्याची घरात स्वतंत्र चौकशी झाली.

हे औषध बंद खोलीत वापरायचं नसतं. श्वासातून गेलं की शरीर त्याचा कार्बन मोनॉक्साइड करतं. माणसं दगावली आहेत. अमेरिकेनं २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी त्याच्या विक्रीवर बंदी आणली. म्हणून सगळा कारभार मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, वाऱ्याकडे पाठ करून. हातमोजे आणले होते. डॉक्टर वापरतात ते पातळ मोजे या औषधापुढे काही मिनिटं टिकतात आणि मग सोडून देतात. पहिली जोडी गेल्यावर पोरगा म्हणाला, "गुरुजी, रंग राहिला आन् मोजा निघाला!" मग जाड मोजे आले.

आणि मग रंग निघायला लागला. आधी बारीक फोड येतात, मग चर्र आवाज होतो, मग अख्खी पापडी पट्टीवर गुंडाळून येते. बघायला विलक्षण. किनवटमध्ये त्या आठवड्यात दुसरं काही घडत नव्हतं, त्यामुळे कडुलिंबाखाली सकाळी सहाला खुर्च्या लागू लागल्या.

काळ्या-पिवळ्याखाली निळा निघाला. निळा दिसताच एक म्हातारबा उठले आणि पत्र्याजवळ गेले. "ही निळी जीप? हिच्यातूनच पडलो होतो मी बोधडीच्या वळणावर!" त्यांनी धोतर सरकवून घोट्यावरची खूण दाखवली. निळ्याखाली पांढरा निघाला आणि पांढऱ्यावर एका पक्षाचं चिन्ह, अर्धं पुसलेलं. आता दोन गट पडले. चिन्ह ज्या पक्षाचं, त्या पक्षात तेव्हा असलेले दोघे आणि आता असलेले तिघे समोरासमोर बसले होते, त्यांत कोणीही दोन्हीकडे नव्हतं. तेव्हाच्यांनी आताच्यांकडे पाहून मान फिरवली. उस्तादनं न विचारता त्या दाराला आधी रिमूव्हर लावला.

पांढऱ्याखाली हिरवा निघाल्यावर मात्र इतिहासाला ऊत आला. हिरवा म्हणजे जंगल खात्याची, असं एक मत. सागवानाच्या जंगलात गस्त घालायला असलीच जीप होती, असं दुसऱ्यांना आठवलं. तिसरे म्हणाले, मिल्ट्रीची, लिलावात आलेली. चौथे थेट महायुद्धापर्यंत गेले. अमेरिकनांनी मागे टाकलेली, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी गाडीच्या पुस्तकातलं निर्मितीचं साल वाचून दाखवलं. महायुद्ध संपून त्याला बरीच वर्षं उलटली होती. चौथ्यांनी ते पुस्तकच खोटं ठरवलं.

एका गोष्टीत मात्र चारही थर एकमतानं वागले. प्रत्येक मालकानं खालचा गंज पाहिला होता आणि प्रत्येकानं तो जपून झाकला होता. पांढरा देणाऱ्यानं खड्डा भरला, निळ्यानं त्या खड्ड्याच्या कडा भरल्या, काळ्या-पिवळ्यानं कडांच्या कडा. मडगार्डमधली लांबी ठोकून काढली तेव्हा तिच्या पोटात गोणपाट निघालं, त्यात एक सिगारेटचं पाकीट. पत्रा जिथं होता असं सर्वांनी गृहीत धरलं होतं, तिथून कडुलिंबाचं खोड दिसत होतं.

मागच्या दारावर काम अडलं. काळा थर निघाला आणि त्याच्याखाली जाड लाल अक्षरं वर आली: "रेणुकामाता प्रसन्न". उस्तादच्या हातातली पट्टी थांबली. तो पोराकडे बघू लागला, पोरगा गुरुजींकडे.

"ये मैं नहीं निकालता गुरुजी," उस्ताद म्हणाला. "आई का नाम है. तुमी काढा."

गुरुजी आयुष्यभर अंधश्रद्धेवर तास घेत आले. त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा पुसला, परत लावला. खुर्च्यांवरून कोणी काही बोललं नाही. माहूरगड इथून फार लांब नाही. गुरुजींनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर हा थर बराच पक्का आहे. तो ठेवायला हरकत नाही." उस्तादनं तेवढ्या चौकोनाभोवती टेप लावली. पुढच्या सगळ्या कामात तो चौकोन तसाच राहिला, पिवळ्या कडेसकट.

यानंतर आलं नवं लचांड. पत्रा उघडा झाला की त्याला लगेच प्रायमर लागतो, नाहीतर हवेतल्या ओलाव्यानं रातोरात तांबूस पडतो. आधी थिनरनं पुसून रिमूव्हरमधलं मेण घालवायचं, नाहीतर नवा रंग धरत नाही. हे सगळं होईतो मे संपला होता आणि नांदेड जिल्ह्यात पाऊस सगळ्यांत भरवशाचा कुठे, तर किनवट-माहूरकडे. जीप चंदेरी उघडी उभी, पश्चिमेला काळे ढग आणि कंप्रेसर चालू करताच लाइट गेली. महावितरणच्या कार्यालयात कोणी फोन उचलला, तर कोणी उचलला नाही, असं दोन्ही घडलं. ढग इस्लापूरपर्यंत आल्याची बातमी फोनवरून आली. उस्तादनं फवारा बाजूला ठेवला आणि चौघांच्या हातात ब्रश दिले: उस्ताद, पोरगा, गुरुजी आणि धोतरवाले म्हातारबा. रेड ऑक्साइडचे डबे फुटले. पहिला थेंब पडला तेव्हा शेवटचं मडगार्ड उरलं होतं. त्याच्यावर गुरुजींनी ताडपत्री आणि स्वतःला टाकलं.

"आता पांढरा कधी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

उस्तादनं आकाशाकडे बोट केलं. पावसाळी हवेत हा रंग मारला की त्याच्यावर पांढरट झाक धरते, चमक मरते. पांढराच द्यायचाय तर पांढरट झाकेनं काय बिघडतं, हा गुरुजींचा मुद्दा तर्काला धरून होता. उस्तादनं तो नम्रपणे ऐकला आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. शंभर वर्षांपूर्वी बग्गीला नि मोटारीला रंग देऊन वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूको आला आणि ते काम तासांवर आलं. किनवटमध्ये जून ते दसरा आम्ही अजून ड्यूकोच्या आधी राहतो.

तेव्हा जीप सध्या रेड ऑक्साइडवर चालते. अंगभर विटकरी, मागं पिवळ्या चौकटीत रेणुकामाता. नवखे लोक तिला हात करतात, एसटीचीच कुठली छोटी गाडी समजून. प्रायमर पाणी अडवत नाही, त्यामुळे गुरुजी तिला पावसात बाहेर काढत नाहीत आणि आमच्याकडे पावसाळा असल्यामुळे ती बाहेर निघत नाही. एकदा मात्र आदिलाबादला जावं लागलं. वाटेत हवालदारानं थांबवलं, पुस्तक पाहिलं, गाडी पाहिली, परत पुस्तक पाहिलं.

"पुस्तकात काळा-पिवळा हाय. हा रंग कोणता?"

गुरुजींनी खरं सांगितलं. हा रंग नाहीच, हा प्रायमर. रंग म्हणजे त्याच्यावर येणारा थर. तो दिवाळीनंतर येईल. जुना रंग पूर्णपणे, पत्र्यापर्यंत, शास्त्रीय पद्धतीनं काढलेला आहे.

हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे गाडीला सध्या रंग नाही."

"नाही."

"मग तसं लेखी आणा."

गुरुजी त्या रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसले होते. सकाळी त्यांनी मला अर्जाचा मसुदा वाचायला दिला. शुद्धलेखन तपासून पाहिजे होतं. वर उजवीकडे तारीख, डावीकडे "प्रति", आणि मधोमध अधोरेखित केलेली एक ओळ होती: "विषय : वाहनास तूर्त कोणताही रंग नसल्याबाबत."